जास्वंदीचं विरजण

काकूचा अंगठा खाली येणार तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. मी असं कुणाला धरत नाही. कुणी मला धरलेलंही मला फारसं आवडत नाही. त्यामुळे काकू किडा सोडून माझ्याकडेच बघायला लागली.

"काय गं?"

"तो चालतोय."

"चालू दे. आता थांबेल," ती म्हणाली आणि मनगट सोडवून घ्यायला लागली.

आमच्या वाडीतल्या जास्वंदींवर पिठ्या पडला होता. ओल्या हाताने कुणी फांदीला गव्हाचं पीठ फासावं तशी ही कीड दिसते. पांढरी, मऊ, एका जागी चिकटून झाडाचा रस ओढत बसलेली. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात आणि पानं चिकट होऊन काळी पडतात. काकू रोज सकाळचा चहा झाला की साबणाचं पाणी आणि जुन्या पातळाचं फडकं घेऊन यायची आणि एकेक फांदी पुसत जायची. तिची एक रीत होती. आधी मोठे मारायचे. मोठे म्हणजे आया, आया गेल्या की पिल्लं होणार नाहीत, असं तिने ठरवलं होतं. गलेलठ्ठ, झिपऱ्या सुटलेला पांढरा किडा दिसला की ती फडकं बाजूला ठेवायची आणि त्याला अंगठ्याने मारायची. त्यात तिला समाधान मिळायचं.

मी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभी असायचे. नुसतं बघत राहणं मला चांगलं जमतं. बघता बघता एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. बारके किडे आज जिथे असतात तिथेच उद्याही असतात. झिपरे मात्र जागा बदलतात. आणि त्या दिवशी त्यातला एक माझ्यासमोर फांदीवरून चालत एका बारक्यापाशी गेला, त्याच्यावर डोकं टेकवून थांबला, आणि तो बारका हळूहळू चपटा होत गेला. पेपरमिंट संपलेल्या कागदासारखा.

मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात ते मोठं करून काकूला दाखवलं. "हा त्यांच्यातला नाहीये, काकू. नुसता त्यांच्यासारखा दिसतो. हा त्यांना खातोय."

काकूने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पुष्कळ वेळ बघितलं. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"म्हणजे मी इतके दिवस..." ती म्हणाली आणि अंगठा पदराला पुसला.

मला हसू येत होतं. शाळेत असताना जीवशास्त्राच्या पुस्तकात दोन नागमोडी रेषांचा एक आलेख होता. एक रेषा सशांची, दुसरी सशांना खाणाऱ्या रानमांजराची. ससे वाढले की मागोमाग मांजरं वाढतात, मांजरं वाढली की ससे कमी होतात, ससे कमी झाले की मांजरं उपाशी मरतात, मग पुन्हा ससे. आमच्या इंग्रजी शाळेच्या पुस्तकात सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी कुठल्यातरी बर्फाच्या देशात घडायच्या. मी तो आलेख निळ्या आणि लाल पेनाने सुरेख काढायचे, पूर्ण मार्क मिळवायचे आणि विसरून जायचे. तो आपल्या मागीलदारी, फुलझाडावर चालत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला तेव्हा काकूकडे राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. दिवाळीनंतर आले ती राहिलेच. माझं काम घरून चालतं, शाळेच्या पुस्तकांची प्रूफं तपासायची. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, हे त्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं कलम. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वाडी आहे. शनिवार-रविवारी काशीदला जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो, बाकीचे दिवस पोफळींचा. काका बँकेतून निवृत्त झालेले. ते नारळ-सुपारी बघतात, आणि जास्वंद हा काकूचा प्रांत.

त्या जास्वंदींना एक मान आहे. माघी चतुर्थीला गावच्या गणपतीच्या गळ्यात लाल जास्वंदीची कंठी घालतात, आणि ती आमच्या घरून जाते. काकू लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने सुई तिच्या हातात दिली, तेव्हापासून ती ओवते आहे. मोठ्या वादळात पोफळी पडल्या त्या जास्वंदींवरच पडल्या. जुनी रांग भुईसपाट झाली. काकूने त्यातल्या जिवंत फांद्यांचे तुकडे नारळाच्या सोडणांत खोचून रुजवले आणि हद्दीवरच्या दगडी गडग्याच्या कडेने नवी रांग उभी केली. मधली काही वर्षं कंठीत दुसरी फुलं घालून भागवलं. यंदा पहिल्यांदा सगळी फुलं घरची होणार होती. आणि यंदाच हा पिठ्या.

देवळातले गुरव मामा एकदा नारळ न्यायला आले तेव्हा रांगेपाशी थांबले.

"वैनी, कंठी हाय ना यंदा?"

"आहे की."

"न्हाय, झाडांकडं बघून इचारतो. जमत नसंल तर आधी सांगा. पलीकडच्या मोठ्या वैनी तयार हायत, त्यांची जास्वंद लय भारी आलीय."

"त्या तयार असतील हो," काकू म्हणाली.

पलीकडची वाडी काकांच्या चुलत भावाची. त्याच्या बायकोला मी मोठी काकू म्हणते. दोन्ही घरांत येणं-जाणं आहे, सणावारी ताटं जातात येतात. पण मान कुणाकडे, हा विषय निघाला की दोघी जावा फार गोड बोलायला लागतात. मामा गेल्यावर काकू मला म्हणाली, "एकदा गेला ना, की परत येत नाही तो. कुणी काढून घेत नाही. पुढच्या वर्षी आपोआपच तिकडे विचारतात."

काकांनी औषध आणून ठेवलं होतं. पडवीत फवारणीचा पंप आणि त्याच्या शेजारी ती बाटली. त्यांचं म्हणणं साधं होतं. देवाच्या फुलाला विषाचा वास नको, म्हणून मारायचं तर आत्ताच मारायचं, नाहीतर नाही.

मी दोन दिवस मनात वाक्य जुळवत होते. शेवटी जेवताना एकदम बोलले. "औषधाने पिठ्या मरेल, पण सगळा नाही मरणार. मेण असतं त्याच्या अंगावर. आणि झिपरे मात्र सगळे मरतील. मग जो पिठ्या उरेल त्याला खायला कुणीच नाही."

घरात आल्यापासून मी एवढं सलग बोलले नव्हते. काकांनी आमटीचा भुरका थांबवला.

"मॅडमनी प्राणी पाळलेत," ते म्हणाले. "त्यांचंही ताट वाढत जा गं."

काकू हसली नाही. "दत्तजयंतीपर्यंत थांबते," ती म्हणाली. "त्याच्यापुढे नाही. माझी कंठी आहे, तुझा प्रयोग नाही."

त्यानंतर मी सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी रांगेकडे जायला लागले. झिपरे हे कुणाची तरी पिल्लं होती, कारण त्यांना पंख नव्हते. मग एका दुपारी मला त्यांचे मोठे सापडले. मसुराच्या दाण्याहून लहान भुंगेरा, काळपट, डोक्याकडून नारंगी, पाठ टाचणीच्या डोक्यासारखी गुळगुळीत. पिठ्याच्या कापसाच्या मधोमध तो बसला होता आणि शांतपणे चरत होता. मी धावत स्वयंपाकघरात गेले. काकू पोळ्या लाटत होती. मी तिला लाटण्यासकट बाहेर आणलं.

"हा होय?" ती म्हणाली. "एवढासा? मला वाटलं काहीतरी वाघबिघ असेल."

"वाघच आहे."

"खातो किती?"

"खूप. पण अजून थोडे आहेत ना."

थोडे होते हीच अडचण होती. पिठ्या मात्र दणक्यात वाढत होता. दत्तजयंती आली तेव्हा रांग आधीपेक्षा पांढरी दिसत होती. गडग्याच्या पलीकडून मोठी काकू डोकावली. तिच्याकडे दर आठवड्याला फवारणी व्हायची, आणि तिच्या जास्वंदीची पानं खरोखरच तेल लावल्यासारखी चकचकीत होती.

"अगं, हे काय? कापूस पिंजायला घेतलास का?"

"पुतणीने पाळलाय," काकू म्हणाली.

"ही बोलते का गं? की इंग्रजीतच बोलते?"

मी पोफळीच्या आड होते. तिथेच थांबले.

दत्तजयंतीच्या सकाळी काकू दारात रांगोळी काढत होती. पाठ माझ्याकडे होती, पण तिने काय ठरवलंय ते पाठीवरून कळत होतं. पडवीतली बाटली खोक्यातून बाहेर काढलेली होती. मला समोरासमोर बोलायचं म्हटलं की शब्द हरवतात. म्हणून मी तिच्याशेजारी बसले आणि रांगोळीची चिमूट उचलली.

"ही पिठ्याची," मी म्हणाले, आणि सारवलेल्या अंगणात पांढरी रेघ डोंगरासारखी चढवली. मग लाल रंग घेतला. "ही भुंगेऱ्यांची. खायला भरपूर झालं की ती चढते. पण नेहमी मागून, जरा उशिरा. लाल वर आली की पांढरी उतरते. आणि पांढरी उतरली की लालला खायला नाही, मग तीही उतरते."

काकू उकिडवी बसून बघत होती. "यात माझी कंठी कुठे आहे?"

पांढरी रेघ जिथे तळाला टेकली होती तिथे मी बोट ठेवलं.

"आणि आपण कुठे आहोत?"

मी डोंगराच्या टोकावर बोट ठेवलं.

"हे तुला कसं माहीत? हे टोकच आहे कशावरून? अजून चढ असला तर?"

तेवढ्यात काका पेपर घेऊन आले आणि रेघांवरून लांब ढांग टाकत म्हणाले, "हे काय, शेअर बाजार? विकायचे की ठेवायचे?"

काकू उठून आत गेली. मला वाटलं, झालं. ती पंपात पाणी भरणार. मी तशीच बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"रात्रीचं दही लागलं नाही अजून," ती म्हणाली.

मला कळेना.

"थंडी आहे ना. पातेलंभर दूध आणि विरजण चमचाभर. उन्हाळ्यात सकाळी खुटखुटीत दही. थंडीत वाट बघावी लागते. आणि सारखं झाकण काढून ढवळत बसलं तर लागतच नाही." ती रांगोळीकडे बघत होती. "तुझं ते लाल म्हणजे विरजण. कमी पडलंय इतकंच."

मी मान हलवली. मला मोठ्याने हो म्हणायचं होतं.

"मग ऊब द्यायला हवी," ती म्हणाली, "म्हणजे कुणी त्रास देता कामा नये. मुंग्या बघितल्यास का तू?"

मुंग्या मी बघितल्या होत्या. पिठ्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, तो चाटायला त्या खोडावरून रांगेने चढायच्या आणि भुंगेरा दिसला की त्याला पळवून लावायच्या. बघितलं होतं, पण त्यावर काय करायचं हे मला सुचलं नव्हतं. काकू दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून ते पाण्याच्या परातीत ठेवते. तसाच अडथळा म्हणून तिने जुन्या पातळाच्या चिंध्या फाडल्या, एरंडेलात बुडवल्या आणि खोडांना बांधल्या. गडग्याला टेकलेल्या फांद्या कापल्या. दोन-तीन दिवसांत चिंधी वाळली की पुन्हा एरंडेल. काका बाटली खोक्यात घालताना म्हणाले, "झाडांना पोल्टिस लावून ठेवलंय. दुखतंय कुठे विचार."

आणि मग ते सुरू झालं. ते कसं सांगू. रोज गेलं की काल नव्हता तो झिपरा दिसायचा. मग एका फांदीवर दोन, मग एका कापसात इतके की पिठ्या कुठला आणि झिपरे कुठले हे मलाही थांबून बघावं लागायचं. मला रात्री लवकर झोप लागायची, कारण सकाळ लवकर व्हायला हवी असायची. पांढरं अजूनही पांढरंच होतं, पण जवळून बघितलं तर त्यात रिकामी सालं होती. फांदी हलवली की कोंड्यासारखी उडायची. काकू आता चष्मा लावून अंगठा मागे बांधून फिरायची. "हा आपला," ती म्हणायची. "हाही आपला. हा बघ, हा कसा जाडजूड झालाय." मी हसले की म्हणायची, "हसू नकोस. मारलेत मी."

संक्रांतीच्या सुमाराला शेंड्यांना नवी हिरवी पानं आली. त्यांच्या बेचक्यांत टोकदार कळ्या होत्या, आणि त्या गळत नव्हत्या. काकू जाता-येता एका कळीला बोट लावून बघायची, घट्ट आहे ना म्हणून. त्याच दिवसांत मला दुसरीही गोष्ट दिसायला लागली. झिपरे आता स्वच्छ फांदीवरून वर-खाली चालत होते. एका जागी थांबत नव्हते. एकदा एका मोठ्याने लहान झिपऱ्यालाच धरलेलं बघितलं. माझी लाल रेघ टोकाला पोचली होती आणि पुढे फक्त उतार होता.

काकूला आता सगळी रांग धुऊन लख्ख करायची होती. "सण आलाय," ती म्हणाली. "ही सालं, हे जाळं काढून टाकू."

"एक झाड ठेव," मी म्हणाले. "विहिरीमागचं. त्याच्यावर अजून पिठ्या आहे. सगळं धुतलंस तर हे उपाशी मरतील, आणि पिठ्या पुन्हा येईल तेव्हा कुणी नसेल."

"म्हणजे मुद्दाम रोगी झाड ठेवायचं?"

"विरजण संपवतेस का तू सगळं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं जरा जास्त बोलले. मग तिने विहिरीमागचं झाड सोडून बाकीच्यांवर पाणी मारलं.

हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका आल्या. मी आत चुलीपाशी तिळगुळाच्या बशा भरत होते. बाहेर वाणाच्या चहाच्या गाळण्या वाटून झाल्या, हसणं-खिदळणं झालं, बायका पांगल्या. मोठी काकू मात्र मागीलदारी आली. तिन्हीसांज होत आली होती. ती रांगेपाशी उभी राहिली. प्रत्येक शेंड्याला कळ्या होत्या.

"कुठलं औषध मारलंस?" तिने विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाली.

"मला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण माझी गेली गं. दर आठवड्याला मारत होते. आधी जायचा, मग दुप्पट यायचा. आता तर फांद्या दिसत नाहीत. संक्रांतीच्या आधीपासून फवारणी सोडली, कंटाळले."

मोठ्या काकूचा आवाज गोड नव्हता, नेहमीसारखा नव्हता. मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर दोन चित्रं होती. विहिरीमागच्या झाडावरचे उपाशी झिपरे, आणि गडग्यापलीकडे त्यांच्यासाठी वाढून ठेवलेलं जेवण. मला वाटलं होतं काकू सांगेल. ती सांगत नाही असं दिसल्यावर मीच बोलले.

"मोठी काकू, किडे आहेत. पिठ्या खाणारे. आमच्याकडे त्यांना आता खायला नाहीये."

मोठी काकू वळली. "अगो, बोलते की ही."

"तुला हवे असतील तर देऊ," मी म्हणाले. मग काकूचा चेहरा दिसला आणि मला कळलं की मी काय देऊन टाकलं. जास्वंद पलीकडे चांगली झाली तर मान कुणाकडे जाईल, याचा मी विचारच केला नव्हता.

काकूने दारातून आत, देवघरातल्या दिव्याकडे बघितलं. "दिवेलागणीला विरजण देत नाहीत," ती म्हणाली. "सकाळी बघू."

मोठी काकू गेल्यावर काकू आत आली. रागावली होती असं नाही. तिने दूध तापवलं, कोमट केलं, त्याला चमचाभर दह्याचं विरजण लावलं. मग ओट्याला टेकून म्हणाली, "माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी दही लागलं नव्हतं माझं. सासूबाई परगावी होत्या. तुझी मोठी काकू गडग्यावरून विरजणाची वाटी घेऊन आली होती. मी मागितलं पण नव्हतं."

सकाळी तिने वाटी काढली, तिच्या सासरचं नाव कोरलेली, कुठेही गेली तरी परत येणारी. आम्ही दोघींनी विहिरीमागच्या झाडाच्या डहाळ्या, झिपरे आणि भुंगेरे असतील त्या, हलक्या हाताने तोडून वाटीत भरल्या. वरून मलमलचं फडकं. "तू जा," काकू म्हणाली. "मी गेले तर दोन तास चहा होईल."

मी एकटीने कुणाच्या घरी जात नाही. पण त्या सकाळी गडग्यातल्या फटीतून मी जवळजवळ पळतच गेले. मोठ्या काकूला मी सगळं सांगितलं, हाताने झाडं दाखवून. औषध मारायचं नाही, एरंडेलाच्या चिंध्या बांधायच्या, मोठे पांढरे मारायचे नाहीत, आणि आठवडाभर काही झालेलं दिसणार नाही. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "बरं बाई," ती म्हणाली. "तुझ्या काकूला सांग, वाटी राहू दे माझ्याकडे सध्या."

माघी चतुर्थीला पहाटेच्या उजेडात आम्ही फुलं काढली. मोजायचं धाडस कुणी केलं नाही. पाटावर लाल ढीग झाला. काकूने सुई घेतली, ओवत गेली, आणि फुलं संपली तेव्हा कंठी गणपतीच्या पोटापर्यंत पोचेल इतकी झाली होती. पूर्वी ती मांडीपर्यंत यायची म्हणे. देवळात गुरव मामांनी ती हातात धरली.

"जरा आखूड हाय."

"देवही बारीक झालाय," काकू म्हणाली. "चढवा."

त्यांनी चढवली. गाभाऱ्यात लाल रंग इतका दिसत होता की मला दुसरं काही दिसेना. मोठी काकू आमच्या शेजारी हात जोडून उभी होती. तिच्या परडीत एकच फूल होतं, तेही झेंडूचं.

फाल्गुनात माझी दुसरी रेघ खाली आली. विहिरीमागच्या झाडावरचा पिठ्या जवळपास संपला, आणि एक दिवस मला एकही भुंगेरा सापडला नाही. मी पानं उलटून उलटून बघितली. काकू म्हणाली, "गेले पोटामागे. तूच काढलं होतंस ना अंगणात." हो, मीच काढलं होतं. पण रांगोळीत ती नुसती उतरती रेघ होती.

चैत्रात ऊन वाढलं आणि शेंड्यांवर पुन्हा पीठ दिसलं. आधी एका झाडावर, मग तीन-चार. काकू रोज चष्मा लावून मोठे शोधायची, आणि मोठे नव्हते. नुसते बारके, शांत बसलेले. तिने चिंध्यांना एरंडेल लावलं. थांबली. पडवीतल्या खोक्याकडे बघितलं. काकांनी बाटली उचलून तारीख वाचली आणि म्हणाले, "अजून चालते ही." पुढे उतार आहे हे माहीत असलं की वाट बघणं सोपं असतं. या वेळी समोर चढ होता आणि मागून येणारी लाल रेघ कुठे दिसत नव्हती.

चैत्रगौरीच्या दिवसांत मोठी काकू गडग्याच्या फटीतून आली. दुपारची वेळ, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत काहीतरी झाकलेलं. तिच्या मागे तिची जास्वंद दिसत होती. अजून नीट नव्हती, पण हिरवी होती.

"वाटी परत द्यायची राहिली होती गं."

काकूने हात पुढे केला. "अहो वहिनी, वाटीची काय घाई? आणि आंब्याची डाळ कशाला आणलीत, आमच्याकडे आहे की."

"डाळ या डब्यात आहे," मोठी काकू म्हणाली. "वाटी रिकामी कशी देऊ?"

काकूने फडकं उचललं. वाटीत जास्वंदीच्या डहाळ्या होत्या, आणि त्यांच्यावर झिपरे. गलेलठ्ठ, पांढरे, भरपूर. एक वाटीच्या काठावरून, कोरलेल्या नावावरून चालत बाहेर निघाला होता. मी बोट पुढे केलं, तो त्यावर चढला.

"ठेवू कुठे यांना आता," मोठी काकू म्हणाली. "माझ्याकडचं सगळं खाऊन बसलेत. तुझ्याकडे पीठ आलंय असं दिसलं गडग्यावरून."

"आलंय," काकू म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा गोड नव्हता.

आम्ही तिघी रांगेपाशी गेलो. मी डहाळ्या बेचक्यांत अडकवायला लागले, हाताला येईल ती आधी. काकूने माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"अशी घाई करू नकोस," ती म्हणाली. "आधी मोठे सोड."